ताईंचा प्लम केक, भाऊंचा एगलेस केक आणि एक फसता फसता राहिलेली स्पर्धा

अंधेरी पूर्वेतल्या एका ऑफिसात डिसेंबर 2024 मध्ये घडलेली ही गोष्ट. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं घेतलेली नाहीत. ऑफिसात सगळे ज्यांना जसं हाक मारतात, तसंच इथेही म्हणते: वसईच्या ताई आणि डोंबिवलीचे भाऊ. मी प्रशासन विभागात काम करते. स्पर्धेची आखणी माझ्याकडे होती, त्यामुळे पुढच्या चुकांतल्या बऱ्याचशा माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

ताई 2012 पासून आमच्याकडे आहेत. पहिल्या वर्षापासून नाताळच्या आधी त्या सगळ्या ऑफिससाठी प्लम केक आणतात. विकतचा नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काळे मनुके, बेदाणे, खजूर, जर्दाळू आणि संत्र्याची पाकवलेली साल बारीक चिरून काचेच्या बरणीत रममध्ये भिजत घालायची, दर दोन-चार दिवसांनी बरणी खालीवर करायची. डिसेंबरच्या मध्यावर साखर जाळून काळपट कॅरॅमल करायचं. त्यात उकळतं पाणी ओतताना ते असं उसळतं की ताई मुलांना स्वयंपाकघरात येऊच देत नाहीत. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ. मग मंद आचेवर, 150 अंशांवर, दोन तास. मधलं पीठ कच्चं राहू नये आणि कडा करपू नयेत म्हणून टिनाला बाहेरून ब्राऊन पेपर गुंडाळायचा. त्यांच्या आईच्या वेळी घरात ओव्हन नव्हता, तेव्हा भरलेले टिन गावातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन द्यायचे आणि संध्याकाळी उचलून आणायचे.

वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला. पण ताईंच्या घरी बोली कादोडी आणि चर्चमधली प्रार्थना मराठीत. केकचा डबा उघडताना त्या दरवर्षी एकच वाक्य म्हणतात, “घ्या, आमचा फराळ.” या वाक्याकडे मी बारा वर्षं नीट लक्ष दिलं नव्हतं.

भाऊ हिशेब विभागात आहेत. घरी अंडं येत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलीचा वाढदिवस आला, दुकानं बंद होती, म्हणून त्यांनी कुकरमध्ये मीठ घालून पहिला केक केला. तो मधोमध बसला. पुढच्या वर्षभरात ते या कामात खोल उतरले. अंडं दोन-तीन कामं करतं, ते पीठ धरून ठेवतं, फुगवतं, स्निग्धता आणि पाणी एकजीव ठेवतं. ते काढलं तर प्रत्येक कामाला वेगळा माणूस नेमावा लागतो, असं भाऊ सांगतात. फुगण्यासाठी दही आणि सोडा, मऊपणासाठी कंडेन्स्ड मिल्क. तरीही एगलेस केक लवकर कोरडा पडतो आणि कापताना चुरा होतो, या दोन गोष्टींशी त्यांची झुंज अजून चालू आहे.

2022 मध्ये भाऊंनी संत्र्याच्या रसात फळं भिजवून एगलेस फ्रूट केक आणला आणि ताईंच्या डब्याशेजारी ठेवला. तिथून चुरस सुरू झाली, आणि ती गोड होती. “भाऊ, केक केलाय की शिरा?” “ताई, यंदा फळं तळाला गेली वाटतं!” (फळं मैद्यात घोळून घातली तर तळाला जात नाहीत, हे त्याच दिवशी ताईंनी त्यांना सांगितलं, आणि कंडेन्स्ड मिल्कचं प्रमाण त्यांच्याकडून वहीत उतरवून घेतलं.) 2023 मध्ये कुणीतरी चिठ्ठ्या फिरवल्या. ताई तीन मतांनी पुढे राहिल्या. भाऊंनी सगळ्यांना चहा पाजला. दोघांनीही त्या निकालाचा विषय दुसऱ्या दिवशी काढला नाही.

अडचण

2024 मध्ये वरून सूचना आली की हे इतकं छान चाललंय, तर रीतसर स्पर्धा घ्या, फोटो काढा, इतर शाखांना पाठवा. मी उत्साहाने आखणी केली. चव, पोत आणि मांडणी यांना प्रत्येकी दहा गुण. विजेत्याला दोन हजारांचं गिफ्ट व्हाउचर. तारीख गुरुवार, 19 डिसेंबर, कारण त्यानंतर लोक सुट्ट्यांवर जाणार होते. 2 डिसेंबरला मेल गेला. ताईंना आणि भाऊंना मी वेगळं विचारलं नाही. दोघं दरवर्षी आणतातच, यंदाही आणतील, असं धरून चालले.

मेल गेल्यावर आठवडाभर काही झालं नाही. मंगळवारी, 10 तारखेला, ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, “अंडं नाही तो केक कसला, गोड पावच तो.” त्यावर दुसऱ्याचं आलं, “आणि ऑफिसात दारूचा केक चालतो वाटतं? आमच्यासारख्यांनी काय करायचं?” मग हसण्याच्या इमोजी आल्या, मग दोन्ही बाजूंनी अंगठे. संध्याकाळी सहापर्यंत तो केकचा विषय राहिला नव्हता. कोण काय खातो आणि कोण कोणाचा, असं त्याचं रूप झालं होतं. मी ग्रुपवर “प्लीज, हलकं घ्या” एवढंच लिहिलं आणि घरी गेले.

बुधवारी सकाळी चहाच्या वेळी ताई शांतपणे म्हणाल्या, “यंदा मी केक आणत नाही हं. फळं भिजवून महिना झालाय, ती घरी लागतील.” आवाज चढला नव्हता. त्यांनी कप विसळला, पालथा ठेवला आणि जागेवर गेल्या.

दुपारी भाऊ माझ्याकडे आले. “स्पर्धेतून माझं नाव काढा. त्यांच्या सणाला त्यांनाच परीक्षेला बसवलंय आपण.”

माझ्यासाठी गोष्ट इथे उलगडली. दिवाळीत आम्ही सगळे फराळाचे डबे आणतो. कुणाची चकली खुसखुशीत, कुणाची वातड, हे सगळ्यांना कळतं आणि मनातल्या मनात क्रमांकही लागतात. पण कुणाच्या चकलीला दहापैकी सहा गुण देऊन तो कागद इतर शाखांना पाठवावा, असं कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताईंच्या केकबाबत मात्र आम्ही नेमकं तेच केलं होतं.

त्याच दुपारी मी सगळ्यांना खाण्यापिण्याच्या पथ्यांबद्दल विचारणारा छोटा फॉर्म पाठवला. तो 2 तारखेच्या मेलबरोबरच जायला हवा होता. आकडे आले तेव्हा स्पर्धा मुळातच लंगडी असल्याचं दिसलं. 64 पैकी 19 जण अंडं खात नाहीत. पाच जणांना रम चालत नाही, त्यातल्या दोघांना धर्मामुळे आणि एकाला दारू सोडल्यामुळे. भाजताना रममधलं अल्कोहोल सगळं उडून जातं असं बरेच जण समजतात. तसं होत नाही, काही अंश राहतोच, आणि केक झाल्यावर वरून रम लावली असेल तर आणखी राहतो. एकाला काजूची अॅलर्जी. आणि 19 डिसेंबर हा मार्गशीर्षातला गुरुवार होता, म्हणजे अकरा जणींचा उपवास. दोन्ही केक चाखून प्रामाणिकपणे गुण देऊ शकणारे तिसाच्या आसपासच उरत होते. बाकीच्यांनी एकालाच गुण दिले असते किंवा आपल्या विभागाच्या माणसाला दिले असते.

ग्रुपवरचा दुसरा प्रश्न आगाऊपणे विचारलेला होता, पण तो रास्त होता हे इथे सांगायलाच हवं. दारू सोडलेल्या माणसाला टेबलावरच्या केकमध्ये रम आहे की नाही हे कळायलाच पाहिजे. त्याचं उत्तर मी पहिल्या मेलमध्ये दिलं असतं, तर तो प्रश्न टोमणा होऊन आला नसता.

विचारात घेतलेले पर्याय

गुरुवारी, 12 तारखेला, आम्ही चौघं बसलो. मी, भाऊ, आमचे व्यवस्थापक आणि ताईंच्या शेजारी बसणारी सहकारी. ताईंना बोलावलं होतं. “तुम्ही ठरवा, मग मला सांगा,” असं त्या म्हणाल्या.

स्पर्धा रद्द करणं सगळ्यात सोपं होतं. पण रद्द झाली असती तर ताईंच्या केकमुळे रद्द झाली अशीच कुजबुज राहिली असती, आणि पुढच्या वर्षी त्यांनी डबा उघडताना आजूबाजूला पाहिलं असतं.

व्यवस्थापकांनी बाहेरचा परीक्षक आणायचं सुचवलं. त्यांच्या ओळखीचे एक बेकरीवाले होते. गुणांचा प्रश्न त्याने सुटला असता, ताईंच्या दुखण्याचा नाही. उलट घरच्या फराळाला आता व्यावसायिक माणूस गुण देणार होता. अंड्याचा आणि एगलेस असे दोन गट करून दोघांनाही बक्षीस द्यायचं, असंही निघालं. एका गटात एकच स्पर्धक असेल तर ते बक्षीस कसलं! ताईंनी ते हातात घेतलं नसतं, भाऊंनीही नाही.

मी म्हटलं, दोघांना एगलेस केकच करायला सांगू. भाऊंनी लगेच मान हलवली. “म्हणजे मला माझ्या मैदानावर खेळवायचं आणि त्यांना त्यांच्या सणात परक्या रेसिपीवर. नको.”

मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. भाऊच पुढे म्हणाले, “नानकटाई ठेवा.”

ही एक सूचना बाकी सगळ्यांहून वेगळी का ठरली, ते जरा विस्ताराने सांगते. नानकटाईत अंडं नसतं, रम नसते, वरचा काजू-पिस्ता वगळला तर सुकामेवाही नसतो. म्हणजे जवळजवळ सगळ्यांना खाता येते. ती ताईंच्या सणाची नाही, भाऊंच्या खास हातखंड्याचीही नाही. आणि दोघांच्याही लहानपणातली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचं, समोर बसून गोळे वळून घ्यायचे, काळ्या पत्र्यांवर मांडायचे आणि पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायचे, हे डोंबिवलीतही होतं आणि वसईतही. ताईंच्या आईचे केकचे टिन आणि भाऊंच्या आजीचे नानकटाईचे पत्रे भट्टीतच जात होते.

ठरलं ते असं. केकचं टेबल वेगळं, त्याला गुण नाहीत, क्रमांक नाहीत, फोटोही ज्याचा केक त्याला विचारून. चुरस फक्त नानकटाईची. पण हे सगळं ताईंना मान्य असेल तरच.

काय केलं

ताईंशी मी एकटीच बोलायला गेले. आधी माफी मागितली, नुसतं वाईट वाटलं म्हणून नाही, तर न विचारता त्यांचा केक स्पर्धेत घातला म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. नानकटाईचं सांगितल्यावर मात्र एकदम विचारलं, “तूप की डालडा?” तुपाचीच करायची, असं दोघांत नंतर ठरलं.

केक आणायचा की नाही हे मी त्यांच्यावर सोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की दोन आणीन. एक नेहमीचा. दुसरा रमशिवायचा, फळं दोन दिवस आधी संत्र्याच्या रसात भिजवून फ्रिजमध्ये ठेवेन. रसातली फळं रममधल्या फळांसारखी टिकत नाहीत, म्हणून ती महिनाभर आधी घालता येत नाहीत, आणि त्यामुळेच हे इतक्या उशिराही जमणार होतं. मी हे मागितलं नव्हतं.

तारीख बदलली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाहिलं, तर बुधवारी 18 ला संकष्टी, गुरुवारी 19 ला मार्गशीर्षाचा उपवास. शुक्रवार 20 मोकळा होता. व्हाउचर रद्द केलं आणि त्या पैशात सगळ्यांसाठी संत्री आणली.

चाचणी आंधळी ठेवली. दोघांच्या नानकटाया सारख्याच स्टीलच्या ताटांत, एका ताटावर वाटीचं चित्र, दुसऱ्यावर चमच्याचं. कुणाचं ताट कोणतं हे फक्त शिपाईकाकांना ठाऊक. पहिली चव जिभेवर जास्त भरते, म्हणून अर्ध्या लोकांना आधी वाटीतली दिली, अर्ध्यांना आधी चमच्यातली. प्रत्येकाला राजम्याचा एक दाणा. पडद्याआडच्या दोन डब्यांपैकी एकात तो टाकायचा. विभागवार हात वर करणं आपोआप बंद झालं.

वीस तारखेची सकाळ. ताई वसईहून सुटणाऱ्या लोकलने आल्या, मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेले दोन डबे. लेडीज डब्यातल्या त्यांच्या ग्रुपने अंधेरी येईपर्यंत नेहमीच्या केकची एक कड फस्त केली होती. दरवर्षी करतात, ताई त्या हिशेबानेच मोठा टिन घेतात. भाऊ डोंबिवलीहून घाटकोपरला आणि तिथून मेट्रोने. नानकटाईला गर्दी सोसत नाही. डब्यात वर्तमानपत्राचे थर घालूनही अकरा नग फुटले.

ताटात शेजारी ठेवल्यावर फरक डोळ्यांना दिसत होता. एक नानकटाई फिकट, वर बारीक भेगांची जाळी, दाताखाली रव्याचा कण. दुसरी बेसनामुळे पिवळसर, भेगा मोठ्या आणि खोल, आणि तोंडात टाकताच विरघळणारी. वेलची दोन्हीत, जायफळ एकीतच.

निष्पत्ती

त्या दिवशी 58 जण हजर होते. एकांनी साखरेमुळे खाल्लं नाही, उरलेल्या 57 जणांनी दाणे टाकले. रव्याच्या नानकटाईला 30, बेसनाच्या नानकटाईला 27. शिपाईकाकांनी सांगितलं तेव्हा कळलं की रव्याची ताईंची. भाऊ त्यांच्याकडे वळून म्हणाले, “ताई, तूप किती वेळ फेसलंत?” “हात दुखेपर्यंत,” ताई म्हणाल्या. मग दोघं पाच मिनिटं तूप-साखर फेसण्याबद्दलच बोलत राहिले.

केकच्या टेबलावर तिन्ही केकसमोर मोठ्या अक्षरांत कागद लावले होते: अंडं आहे की नाही, रम आहे की नाही, सुकामेवा कोणता. काजूची अॅलर्जी असलेला सहकारी केकच्या टेबलाकडे आला नाही, पण नानकटाईचं मत त्याने दिलं. दारू सोडलेल्या सहकाऱ्याने रमशिवायच्या केकचे दोन तुकडे घेतले. दुपारी चारला टेबलावर फक्त चुरा होता.

एक चूक मात्र झालीच. एगलेस केक कापायला कुणीतरी शेजारच्या ताटातली सुरी उचलली. एका जैन सहकारी मॅडमनी ते पाहिलं, हातातला तुकडा तसाच ताटलीत ठेवला आणि काही न बोलता संत्रं घेतलं. कागदांवर मी सगळं लिहिलं होतं, पण सुरी एकच ठेवली होती.

ग्रुपवर पहिला टोमणा मारणारा माणूस त्या दिवशी दोन्ही टेबलांवर येऊन सगळं खाऊन गेला. ताईंशी तो त्या विषयावर कधीच बोलला नाही. ती गोष्ट अर्धवटच राहिली.

आता करायचं झालं तर

सगळ्यात आधी ताईंना विचारेन, तेही ऑक्टोबरात. डिसेंबरमध्ये विचारायला गेलं तर बरणी आधीच भरलेली असते आणि मग त्यांना बदल सुचवणं म्हणजे महिन्याची मेहनत बाजूला ठेवायला सांगणं होतं. ज्यांचा सण, त्यांचा शब्द पहिला. त्यांना गुण हवे असतील तर तसं. काही घरांत स्पर्धेची हौसच असते, आणि तेही छान आहे. पण ते त्यांनी सांगायचं.

दहा तारखेच्या संध्याकाळी मी घरी गेले ते चुकलं. ग्रुपवर “हलकं घ्या” लिहिण्याने ज्याला लागलं त्यालाच सांगितल्यासारखं झालं, लागू नये म्हणून सांभाळून घे, असं. त्याऐवजी टोमणा मारणाऱ्याला बाजूला घेऊन दोन मिनिटं बोलायला हवं होतं, आणि ताईंना त्याच रात्री फोन करायला हवा होता. पुढचं सगळं, अगदी नानकटाईसुद्धा, त्या न केलेल्या फोनची भरपाई होती असं मला वाटतं.

पथ्यांचा फॉर्म पहिल्या मेलसोबतच जाईल. तारीख कॅलेंडर पाहून ठरेल. नानकटाई दरवर्षी ठेवावी का, यावर मात्र माझं मत अजून पक्कं नाही. ती त्या वर्षी कामी आली कारण ती अडचणीतून निघाली. दरवर्षीचा नियम झाला की पुन्हा कुणीतरी गुणांचा तक्ता काढेल, आणि तो कदाचित मीच काढेन.

2025 मध्ये स्पर्धा ठेवली नाही. 23 डिसेंबरला ताईंनी दोन केक आणले, भाऊंनी एक. ताईंनी घरून दोन सुऱ्याही आणल्या होत्या, एकीच्या मुठीला लाल दोरा बांधलेला, दुसरीच्या हिरवा. हिरव्या दोऱ्याची सुरी त्यांनी भाऊंच्या केकशेजारी ठेवली, त्या जैन मॅडमना हाक मारली आणि म्हणाल्या, “या, पहिला तुकडा तुम्ही कापा.”